गाडी लागली का?

इंग्रजीतल्या अवघड शब्दांना आपण उगाच घाबरतो. ‘फोटोसिन्थेसिस’ दिसायला आडदांड, पण स्वभावानं गरीब. अर्थ एकच, एकदा पाठ केला की जन्मभर बदलत नाही. दगा देतात ती तीन-चार अक्षरांची क्रियापदं. गेट, पुट, सेट, टेक, रन. पहिलीच्या पुस्तकात भेटलेली, म्हणून आपण त्यांना घरचं समजतो. दहावीपर्यंत ती ओळखही दाखवेनाशी होतात.

भाची यंदा दहावीला आहे. विश्रामबागेत क्लासला जाते. तिच्या वहीत एकाखाली एक लिहिलेलं: ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढं ढकलणे, ‘पुट आऊट’ म्हणजे विझवणे, ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे. म्हणाली, “मामा, पुट म्हणजे ठेवणे ना? मग आग बाहेर ठेवली की विझते होय?” मुद्दा बिनतोड होता. मी म्हटलं, पाठ कर. आमच्या मास्तरांचंही हेच उत्तर असायचं.

हा ताप साहेबालाही आहेच. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची 20 खंडांची दुसरी आवृत्ती 1989 साली निघाली, तेव्हा त्यात सगळ्यात लांबलचक नोंद होती ‘सेट’ची. सूर्य सेट होतो, जेली सेट होते, मोडलेलं हाड सेट करतात आणि परीक्षेचा पेपरसुद्धा. पुढं नव्या आवृत्तीच्या कामात ‘रन’नं त्याला मागं टाकलं. या एका क्रियापदाचे 645 अर्थ भरले. पीटर गिलिव्हर नावाचे कोशकार नऊ महिने त्यावर बसून होते. (मधे एखादं डोहाळजेवण व्हायला हरकत नव्हती.)

धावणे हा त्यातला फक्त एक. बाकी, सर्दी झाली की नाक रन होतं, नळ रन होतो, दुकान रन करतात. घरातली साखर संपली तर साखर राहते बाजूला, आपणच ‘रन आऊट’ होतो. निवडणुकीला आपला उमेदवार उभा राहतो, ब्रिटनमधलाही उभाच राहतो. अमेरिकेतला मात्र पळतो. त्यात यंत्रं आली, रेल्वे आली, कॉम्प्युटरचे प्रोग्राम आले आणि इंग्रजीनं सगळ्यांना पळायला लावलं.

यावर हसायचं असेल तर आधी सांगलीच्या एसटी स्टँडवर अर्धा तास काढावा. माझ्या मावशीला गाडी लागते. खंबाटकी घाट म्हटला की तिच्या पर्समध्ये लिंबू, आवळासुपारी आणि दोन कॅरीबॅग. तिला पुण्याला सोडायला गेलो होतो. चौकशीच्या खिडकीपाशी एका आजोबांनी विचारलं, “स्वारगेट लागली का?” मावशी परस्पर म्हणाली, “अजून बसलेसुद्धा नाही, इतक्यात कशी लागंल!” आजोबा तिच्याकडं बघतच राहिले. तेवढ्यात गाडी लागली. म्हणजे फलाटाला.

आमच्या भागात तर या ‘लागणे’नं फारच पाय पसरलेत. “काय करायलाईस?” “जेवाय लागलोय.” इथं त्याचा अर्थ जेवण चालू आहे, कदाचित ताकभातापर्यंत आलंय. पुण्याच्या मित्राला वाटतं, गडी आत्ताच पाटावर बसला. तो म्हणतो, “मग अर्ध्या तासानं फोन करतो.” अर्ध्या तासानं मी झोपाय लागलेला असतो. शिवाय ‘जावं लागतं’ मधली सक्ती वेगळी. भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, वेड लागतं, हे तर कुणी मोजतही नाही. हळद शेतात लावतात ती अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला. अंगाला लागते ती मात्र मुहूर्त आणि कार्यालयाची तारीख जुळली तरच.

फरक एवढाच, की इंग्रजी क्रियापद शेपूट बदलून फसवतं. ऑफ, आऊट, अप. आपलं क्रियापद जागचं हलत नाही, पुढं काय येतं तेवढं बघत बसतं. ‘मला लागलं’ म्हटलं की आयोडीन आणतात. ‘मला ते लागलं’ म्हटलं की समजूत काढावी लागते. मला यातलं दुसरं जास्त महागात पडलेलं आहे; बायको साक्षीदार आहे.

आणि गंमत बघा, हीच बहुरूपी इंग्रजी क्रियापदं सांगलीत आली की अगदी साधी होऊन राहतात. मागं एक ‘होणे’ किंवा ‘करणे’ लावून घेतात आणि ठरल्या कामाला लागतात. रन आमच्याकडं क्रिकेटपुरता. ऑक्सफर्डचा एवढा ऐसपैस सेट, पण इथं “पोरगा सेट झाला” म्हणजे पगार चालू झाला, आता स्थळं बघायची. ‘मॅनेज’चं मात्र मला मनापासून कौतुक वाटतं. इंग्रजी माणूस घर मॅनेज करतो, वेळ मॅनेज करतो, हाताखालची माणसं मॅनेज करतो. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत आमच्याकडं उमेदवार स्वतःच मॅनेज होतो, आणि माघारीच्या दिवशी तीनच्या आत अर्ज काढून घेतो.