त्रास मुलाला, भेटी आईबाबांच्या

घरून असा फोन येतो तो तिकडची निजानीज झाल्यावर. कधी मावसबहीण असते, कधी कॉलेजातली मैत्रीण, कधी वर्षानुवर्षं बोलणं नसलेली जुनी शेजारीण. आवाज दबका. "पोरगी शाळेत जायलाच तयार नाही गं. पोटात दुखतं म्हणते. सगळ्या तपासण्या झाल्या, डॉक्टर म्हणतात काही नाही. कोणाला दाखवू?"

मी इंग्लंडमधल्या एका माध्यमिक शाळेत पेस्टोरल विभागात काम करते. ज्या मुलांचं अभ्यासापलीकडे काहीतरी बिनसलंय, त्यांच्याकडे लक्ष ठेवणारा हा विभाग. म्हणून हा प्रश्न माझ्यापर्यंत येतो. फोनवर घाईघाईत सांगून माझं समाधान होत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. यातले प्रसंग अनेक कुटुंबांचे मिळून आहेत, कुणा एका मुलाचे नाहीत.

इथे आल्यावर मला सगळ्यात नवं वाटलं ते आधी सांगते. लहान मुलाच्या भीतीवर काम सुरू होतं तेव्हा पुष्कळदा त्या मुलाला कोणी भेटतसुद्धा नाही. भेटतात आईबाबांना.

२०१७ च्या डिसेंबरमध्ये इथल्या सरकारने शाळाशाळांना जोडलेल्या मानसिक आरोग्याच्या टीम उभ्या करायचा आराखडा मांडला. विद्यापीठात एक वर्षाचं प्रशिक्षण घेतलेली माणसं या टीममध्ये असतात. चिंता, उदासी, छोट्यांच्या वागण्याच्या तक्रारी, असा फार गंभीर न झालेला त्रास त्यांच्याकडे येतो. सगळ्या शाळांपर्यंत या टीम अजून पोचलेल्या नाहीत. जिथे आहेत तिथे त्यांनी फार मोलाचं काम केलेलं मी पाहिलं आहे.

समजा, आठ वर्षांचा मुलगा आहे. घरी तोंडाचा पट्टा चालू, बाहेर एक शब्द नाही. वाढदिवसाला बोलावलं तर रडतो. दुकानात त्याला काय हवं ते आई सांगते, शिक्षिकेने विचारलं तर उत्तर आई देते. ही आई येऊन बसते आणि टीममधली मुलगी तिला विचारते, तो घाबरला की तुम्ही काय करता? आई म्हणते, मी जवळ घेते, सांगते काही होणार नाही. मग? मग थोड्या वेळाने तो परत तेच विचारतो. मग? मग मी परत सांगते. इथे आईचा चेहरा पडतो, कारण पुढचं तिला स्वतःलाच दिसतं.

या वळणावर समोरची व्यक्ती काय बोलते यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. ती सांगते, कुठल्याही मायाळू आईने हेच केलं असतं. पण भीतीचा स्वभाव असा आहे की आपण दरवेळी मुलाला सोडवलं, तर त्याला एकट्याने निभावून बघायची संधीच मिळत नाही. मग दोघी मिळून कागदावर पायऱ्या लिहितात. पहिली अगदी सोपी: दुकानात आईच्या शेजारी उभं राहून फक्त थँक्यू म्हणायचं. मग एक शब्दाची मागणी. मग पूर्ण वाक्य. वाढदिवसाचा समारंभ पार वरच्या पायरीवर. 'काही होणार नाही' याच्या जागी आईने विचारायचं, 'तुला काय होईल असं वाटतं?' आणि थांबायचं. थांबणं हेच आईबाबांना सगळ्यात जड जातं. दर आठवड्याला काय जमलं, काय फसलं, यावर बोलणं होतं. सहा-आठ भेटींत बऱ्याच घरांत फरक दिसू लागतो, आणि त्यातली एकही भेट मुलाची नसते.

आपल्याकडच्या पालकांना हे सांगितलं की पहिली प्रतिक्रिया ठरलेली: म्हणजे चूक आमचीच ना? नाही. आठवड्यातला एक तास मुलासोबत बसणाऱ्या माणसापेक्षा बाकीचे सगळे तास सोबत असणाऱ्याच्या हाती जास्त असतं, एवढाच त्याचा अर्थ. मला हा विचार फार आदराचा वाटतो. आईबापांवर विश्वास असल्याशिवाय कोणी असं काम करणार नाही.

किशोरवयात मात्र चित्र उलटं होतं. चौदा-पंधराच्या मुलीला स्वतःची खोली लागते तशी स्वतःची माणसंही लागतात. पहिल्या भेटीत सगळे एकत्र बसतात, आणि थेरपिस्ट सर्वांसमोर गुप्ततेचे नियम सांगते: तू बोलशील ते आपल्या दोघींत राहील, पण तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं, तर मला ते पुढे सांगावं लागेल, आणि शक्यतो आधी तुला सांगूनच मी ते करेन. मग आईबाबांना बाहेर बसायला सांगतात.

बाहेरच्या त्या खुर्च्यांवर मी अनेक बाबांना अस्वस्थ झालेलं पाहिलं आहे. "मी बाप आहे तिचा, मला कळायला नको?" त्यांचं दुःख खरं असतं, तरी इथला कायदा मुलांच्या समजुतीला वजन देतो. १९८५ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या इथल्या सर्वोच्च न्यायालयाने, गिलिक खटल्यात निकाल दिला, आणि तेव्हापासून सोळा वर्षांखालचं मूलही पुरेसं समजदार असेल तर आपल्या उपचाराला आपण संमती देऊ शकतं. चांगल्या थेरपिस्ट हा कायदा बापाच्या तोंडावर फेकत नाहीत. एकीने अशाच एका बाबांना शांतपणे विचारलं होतं, तिला तुमच्याशीच बोलता यावं असं तुम्हाला वाटतं ना? मलाही तेच हवंय. तिथवर पोचायला तिला आधी थोडी सुरक्षित जागा देऊया. मी हे वाक्य तेव्हापासून अनेक पालकांना सांगितलं आहे.

प्रश्नावल्यांबद्दलही थोडं सांगते. इथे रॉबर्ट गुडमन या मनोविकारतज्ज्ञांनी तयार केलेली, १९९७ साली प्रसिद्ध झालेली, मुलाच्या भावना आणि वागणं यांबद्दलच्या २५ विधानांची एक प्रश्नावली खूप वापरतात. तीच पालक भरतात, शिक्षक भरतात, आणि अकरा वर्षांपुढचं मूल स्वतःही भरतं. तिघांची उत्तरं जुळली नाहीत की पालक घाबरतात. पण अनुभवी माणूस तिथूनच बोलायला सुरुवात करतो. शाळेत शांत, घरी भांडखोर असलेली मुलगी शाळेत दिवसभर स्वतःला आवरून धरते आणि घरी येऊन फुटते, हे तीन कागद शेजारी ठेवल्यावर कळतं.

त्रास मोठा असेल तर डॉक्टर किंवा शाळा 'कॅम्स'कडे पाठवतात. मुलं आणि किशोरांसाठीची ही एनएचएसची, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्ययंत्रणेची, मानसिक आरोग्यसेवा, विनामूल्य. तिथे एका छताखाली मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, या विषयातल्या परिचारिका, समाजकार्यकर्ते, कुटुंबाची थेरपी करणारे असे वेगवेगळे लोक असतात. समाजकार्यकर्ता म्हटलं की इथल्या आपल्या लोकांच्या पोटात गोळा येतो, मूल काढून नेतील म्हणून. कॅम्समधली ही व्यक्ती थेरपीच्याच टीमचा भाग असते आणि घराला कुठली मदत मिळू शकते ते बघते. कुणाला इंग्रजी येत नसेल तर दुभाषा मागता येतो, त्याचे पैसे पडत नाहीत. आईचं म्हणणं मुलानेच भाषांतरित करावं असं इथे करत नाहीत, आणि ते किती योग्य आहे! आईच्या तोंडची काळजी मुलाने स्वतःच्या तोंडाने उच्चारायची, हा भार त्याच्यावर का टाकायचा?

कुटुंबाच्या थेरपीबद्दल मला सगळ्यात जास्त जिव्हाळा आहे. सगळे गोल बसतात, धाकटा भाऊसुद्धा. थेरपिस्ट त्यालाच विचारते, "ताई जेवली नाही की घरात सगळ्यात जास्त काळजी कोणाला वाटते? आणि ती तुला कशी कळते?" दहा वर्षांचं पोर म्हणतं, "बाबांना. ते टीव्हीचा आवाज वाढवतात." ज्या बाबांना सगळे बेफिकीर समजत होते त्यांच्याकडे मुलगी पहिल्यांदा वेगळ्या नजरेने बघते. कधी कधी त्याच खोलीत आणखी दोन-तीन थेरपिस्ट बसलेल्या असतात. मध्येच त्या आपापसांत, कुटुंबासमोरच, जे ऐकलं त्यावर बोलतात, आणि कुटुंबाने फक्त ऐकायचं असतं. टॉम आंडेर्सन या नॉर्वेच्या मनोविकारतज्ज्ञाने १९८० च्या दशकात ही पद्धत रुजवली. आपल्याबद्दल कुणी पाठीमागे न बोलता, समोर आणि इतक्या अदबीने बोलतंय, हा अनुभव पुष्कळ कुटुंबांना नवा असतो.

खाणं सोडणाऱ्या मुलामुलींसाठी, म्हणजे अ‍ॅनोरेक्सियासाठी, इथे पहिला उपचार हाच कुटुंबाचा. लंडनच्या मॉड्सली रुग्णालयातून तो पुढे आला. सुरुवातीला जेवणाची जबाबदारी पूर्णपणे आईबाबा हातात घेतात, मूल सावरत जाईल तशी ती परत त्याच्याकडे देतात. थेरपिस्ट पहिल्याच दिवशी सांगते की हा आजार तुमच्यामुळे झालेला नाही, पण तो हटवायला तुमच्याइतकं उपयोगी कोणी नाही. या आजारात उशीर जिवावर बेतू शकतो, म्हणून तातडीच्या मुलाला एका आठवड्यात आणि इतरांना चार आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत असं इथलं उद्दिष्ट आहे.

औषधांबद्दल फोनवर नेहमी विचारतात. इथे नैराश्यात आधी बोलण्याचे उपचार. गोळी लागलीच तर ती मनोविकारतज्ज्ञ ठरवतात. मुलांसाठी बहुधा आधी फ्लुऑक्सेटिन, तेही थेरपीच्या जोडीने, आणि पहिले चार आठवडे दर आठवड्याला विचारपूस करून.

हे सगळं वाचून इथे सारं छान आहे असं कृपया समजू नका. एनएचएसच्या पाहणीत ८ ते १६ वयोगटात मानसिक विकाराची शक्यता असलेली मुलं २०१७ साली साधारण आठात एक होती, २०२३ साली पाचात एक. माणसं त्या प्रमाणात वाढलेली नाहीत. मुलाला कॅम्सकडे पाठवणारं पत्र, म्हणजे रेफरल, परत येतं, 'पुरेसं गंभीर नाही' म्हणून. वाट बघण्यात महिने जातात, काहींचं वर्षही उलटतं. एका मुलाची भेट ठरेपर्यंत त्याने शाळा जवळजवळ सोडली होती. त्या काळात त्याच्या आईला मी रोज शाळेच्या दारात बघत होते, आणि मला अजून त्याचा संताप येतो. आठ वर्षांच्या वेळी सहा भेटींत जे निभलं असतं, ते तेराव्या वर्षी रुग्णालयापर्यंत जाऊ द्यायचं, हे कुठल्याही देशाला शोभत नाही.

आता तुमच्यासाठी. समोरच्या माणसाची पात्रता जरूर विचारा, त्यात उद्धटपणा नाही. इथे 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' ही पदवी नोंदणीशिवाय लावता येत नाही, पण 'काउन्सेलर' ही पाटी कुणीही लावू शकतं, म्हणून आम्ही पालकांना नोंदणी तपासायला सांगतो. भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते. मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर असतात, औषध देऊ शकतात. आणि पहिल्याच भेटीत विचारा: आमच्यासोबत, म्हणजे आईबाबांसोबत, तुम्ही कसं काम कराल? 'मुलाला सोडून जा, तासाभराने या' एवढंच उत्तर मिळालं, तर दुसरं कोणी शोधा. कुठून सुरुवात करावी ते सुचत नसेल तर टेली-मानस या भारतातल्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, तिथे मराठीतूनही बोलता येतं. मुलांना स्वतःला फोन करायचा असेल तर १०९८ ही मुलांची हेल्पलाइन.

मुलाला फसवून नेऊ नका. 'डोळे तपासायला जाऊ' म्हणून नेलेलं मूल पुढे त्या खोलीत बोलत नाही. कोणाला भेटायचंय, किती वेळ, आत कोण असेल, आणि न आवडलं तर पुन्हा जायची सक्ती नाही, हे आदल्या दिवशी सांगा. झोप, खाणं, शाळा, मित्र यांत कधीपासून काय बदललं ते एका कागदावर लिहून न्या, आणि तो कागद आधी मुलाला वाचू द्या. त्याला काही खोडायचं असेल तर खोडू द्या.