जुना सी कोड रास्पबेरी पायवर आणि विंडोजवर: कॅर, लाँग आणि सेव्ह फाइल

शब्दसूची बनवणाऱ्या जुन्या प्रोग्रामची साफसफाई निम्म्यावर आली आहे. मूळ कोड ३२-बिट मशीन आणि रोमन मजकूर गृहीत धरून लिहिलेला. आता तो ६४-बिट लिनक्स, ३२-बिट रास्पबेरी पाय आणि विंडोजवर, मराठी मजकुरासकट चालायला हवा.

आधी कंपायलर. जीसीसी १४ (२०२४) पासून, जाहीर न केलेलं फंक्शन वापरलं की वॉर्निंग नव्हे, थेट एरर येते. 'परमिसिव्ह' फ्लॅग लावला की त्या एरर पुन्हा वॉर्निंग होतात, पण तो मार्ग टाळलेला बरा. इथे दोषी निघालं स्ट्रडप, म्हणजे स्ट्रिंगची प्रत करून तिचा पॉइंटर देणारं फंक्शन. बिल्ड काटेकोर सी९९ मोडमध्ये होतं, आणि त्या मोडमध्ये स्ट्रिंग हेडर स्ट्रडप दाखवतच नाही. मग जुना कंपायलर ते इंट परत करतं असं धरून चालायचा. ६४-बिटवर पॉइंटरचे वरचे ३२ बिट गळतात आणि क्रॅश भलतीकडेच होतो. त्यावर कुणीतरी कॅर-पॉइंटरचा कास्ट (प्रकार बळजबरीने बदलणं) चढवला होता. ३२-बिटवर इंट आणि पॉइंटर दोन्ही ४ बाइटांचे, म्हणून सगळं गुपचूप चालत राहिलं. कास्ट काढला आणि सगळ्या हेडरांच्या आधी पॉझिक्स सोर्सचा मॅक्रो २००८०९एल असा डिफाइन केला. वॉर्निंग गप्प करण्यासाठी टाकलेला प्रत्येक कास्ट संशयितच धरावा. या कोडमधले निम्मे खरे बग त्यांच्याच आड होते.

किरकोळ कामं: हेडरमधल्या ग्लोबल व्हेरिएबलांना एक्सटर्न लावून व्याख्या एकाच फाइलमध्ये नेली (जीसीसी १० पासून याशिवाय लिंकर अडतो). स्वतःच्या गेटलाइनचं नाव बदललं, कारण ते आता स्टँडर्ड आयओ हेडरमधल्याशी भिडतं. इंटवर बेतलेला बूल टाइपडेफ काढला; जीसीसी १५ चा डीफॉल्ट सी२३ आहे आणि त्यात बूल हा कीवर्डच आहे.

खरा वेळ कॅरने खाल्ला. इंटेलच्या लिनक्सवर साधा कॅर (एका बाइटचा प्रकार) साइन्ड, म्हणजे ऋण आकडेही धरणारा; एआरएमच्या (पायच्या प्रोसेसरच्या) लिनक्सवर अनसाइन्ड. एकेक बाइट वाचणाऱ्या गेटसीचं उत्तर कॅरमध्ये ठेवून ईओएफशी, म्हणजे फाइल संपल्याची खूण असलेल्या उणे १ शी, तुलना केली की पायवर तो लूप कधीच संपत नाही. उलट इंटेलवर २५५ किमतीचा बाइट आला की फाइल मध्येच संपल्यासारखी वाटते. व्हेरिएबल इंट केला की दोन्ही प्रश्न मिटतात. 'साइन्ड कॅर' फ्लॅगने पायवरचा लूप थांबतो, पण २५५ चा घोळ तिकडेही जातो.

मराठीमुळे दुसरी भानगड उघडी पडली. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं: पहिला २२४, दुसरा १६४ किंवा १६५. साइन्ड कॅरमध्ये २२४ चा उणे ३२ होतो, आणि अक्षर आहे का ते सांगणाऱ्या इजअल्फाला ईओएफ सोडून दुसरा ऋण आकडा देणं म्हणजे अनडिफाइन्ड बिहेविअर: काय होईल याची हमी नाही. ग्लिबसीचा (लिनक्सवरच्या सी लायब्ररीचा) तक्ता उणे १२८ पासून सुरू होतो म्हणून लिनक्सवर काही दिसत नाही; विंडोजच्या डीबग बिल्डमध्ये मात्र असर्शन फुटतं. इजअल्फाला देताना आधी अनसाइन्ड कॅर करायचं. हा कास्ट मात्र हवाच. पण तेवढ्याने शब्द तुटायचे थांबत नाहीत, कारण डीफॉल्ट सी लोकेलमध्ये (भाषेच्या सेटिंगमध्ये) हे बाइट अक्षरं मानलेच जात नाहीत. म्हणून १२८ आणि त्यावरचा बाइट शब्दाचाच भाग धरला, आणि दंड (२२४, १६५, १६४) वेगळा तपासून वगळला.

शब्दासाठीच्या ३२ बाइटांच्या रकान्यात शेवटचा शून्य धरून देवनागरीची १० चिन्हंच मावतात; काना-मात्राही त्यातच मोजायच्या. ठराविक बाइटांपर्यंतच प्रत करणारं स्ट्रएनकॉपी लांब शब्द चिन्हाच्या मध्येच कापतं, वर शेवटी शून्य ठेवत नाही. कापायच्या जागेवरचा बाइट १२८ ते १९१ मध्ये असेल तर तसा नसलेला मिळेपर्यंत मागे यायचं, आणि तिथे शून्य ठेवायचा.

सेव्ह फाइलमध्ये अख्खं स्ट्रक्ट (एका शब्दाची नोंद) मेमरीत आहे तसंच एफराइटने ओतलेलं: ३२ कॅर, एक लाँग, एक शॉर्ट. ६४-बिट लिनक्सवर ते ४८ बाइट, विंडोजवर आणि ३२-बिट पायवर ४०, कारण तिथे लाँग ४ बाइटांचा. स्ट्रक्ट पॅक करण्याचा सल्ला हमखास मिळतो, पण त्याने पॅडिंग (भरीचे बाइट) जातं, लाँगचा आकार आणि बाइटांचा क्रम तसाच राहतो. आता प्रत्येक आकडा शिफ्ट करून, लहान बाइट आधी, असा लिहिला जातो. नोंद ३८ बाइटांची झाली. वाचताना बाइट २४ घर सरकवण्याआधी ३२-बिट अनसाइन्डमध्ये घ्यायचा, नाहीतर तो इंट बनतो आणि वरचा बिट साइनवर जातो. अनडिफाइन्ड सॅनिटायझरने हे लगेच पकडलं.

बिग-एंडियन, म्हणजे मोठा बाइट आधी ठेवणारी मांडणी, तपासायला वेगळं मशीन लागत नाही. डेबियनवर एस३९०एक्स या बिग-एंडियन प्रोसेसरचा क्रॉस-कंपायलर आणि त्याचे प्रोग्राम इथेच चालवणारं क्यूईमू-यूजर बसवायचं, बिल्ड स्टॅटिक करायचं, म्हणजे लायब्ररीचे मार्ग शोधावे लागत नाहीत. इंटेलवर लिहिलेली फाइल तिथे वाचून पुन्हा लिहिली. दोन्ही फाइली बाइटनबाइट सारख्या.

विंडोजवर फाइल 'बी'सह, म्हणजे बायनरी मोडमध्ये, उघडणं अजून बाकी आहे. तोवर १० किमतीच्या प्रत्येक बाइटच्या आधी १३ घुसतो आणि ३८ चा हिशेब बिघडतो. इंडेंटेशन त्यानंतर, वेगळ्या कमिटमध्ये. 'दऱ्या'मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो, त्यामुळे तो शब्द सूचीत दोनदा येतो. ते काम पोर्टेबिलिटीचं नाही, पण यादीत घेतलं आहे.