कातळाची घळ आणि संशोधक वाटाड्या

पत्रकात ‘हवामान आणि सार्वजनिक आरोग्य यांच्या अभ्यासकासोबत मध्यम श्रेणीची पदभ्रमंती’ एवढेच छापले होते. चालणारे आपणच त्या अभ्यासाचा विषय आहोत, हे पायथ्याशी संमतिपत्र हातात पडल्यावर कळले आणि उपकरणांचे वेगळे शुल्कही तिथेच उकळले गेले. ज्यांच्या छातीला पट्टा बांधून नोंदी घ्यायच्या, त्यांनाच वर पैसे मागणे मला साफ अमान्य आहे; नोंदणीच्या वेळीच सगळा खर्च लेखी मागून घ्यावा.

रानातला चढ सोपा आहे. जीव काढते ती वरची उघड्या कातळाची घळ. फोनवरचा अंदाज ३३ अंश सांगत होता, पण तो सावलीतल्या हवेचा. वाटाड्याने तिपाईवर लावलेल्या काळ्या गोलकात पारा ५२ वर गेला आणि ओली वात गुंडाळलेला तापमापक २७ वर थांबला. उघड्यावरचा उष्म्याचा ताण मोजताना ओल्या तापमापकाला ७० टक्के, गोलकाला २० आणि हवेच्या तापमानाला अवघे १० टक्के वजन देतात. म्हणजे निर्देशांक ३२च्या वर गेला, आणि एवढ्या आकड्याला खेळाचे सरावसुद्धा थांबवतात. घळीत वारा नसल्याने घाम सुकत नाही, आणि न सुकणारा घाम शरीर थंड करत नाही.

तरीही आम्ही घळीतच थांबून राहिलो, कारण नोंदी भर दुपारच्याच हव्या होत्या. प्रयोगातून कधीही बाहेर पडण्याचा हक्क माणसांवरील वैद्यकीय संशोधनाची नीतितत्त्वे सांगणाऱ्या हेल्सिंकी जाहीरनाम्याने १९६४ मध्येच मान्य केला आहे. पण एकच वाटाड्या असताना अर्ध्या घळीतून बाहेर पडून जायचे कुठे?

एका सोबत्याचे बोलणे अडखळू लागताच मात्र याच माणसाने वही फेकून त्याला कपारीच्या सावलीत निजवले, अंगावर पाणी ओतून नकाशाने वारा घातला आणि तो भानावर येईपर्यंत कोणाला हलू दिले नाही. उष्माघाताच्या संशयात आधी गार करायचे आणि मग हलवायचे, हे इतक्या शांतपणे करणारा वाटाड्या मी दुसरा पाहिलेला नाही. माणूस उत्तम, वेळापत्रक वाईट.

जायचेच असेल, तर आधीचे १० ते १४ दिवस रोज उन्हात चालून शरीराला सवय लावावी, नुसते पाणी न ढोसता मीठही घ्यावे, सोबत दुसरा वाटाड्या आहे का हे विचारावे आणि उन्हे चढण्यापूर्वी घळ ओलांडण्याची अट संमतिपत्रावर सही करण्याआधीच घालावी.