भ्यायल्यासारखं

नाइटची ओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून वॉर्डचा ताबा, घेतली की मी आधी इमर्जन्सी ट्रॉली उघडते. वरच्या खणात ॲड्रेनलिनच्या ॲम्प्युल्स असतात. काच तपकिरी, कारण हे औषध उजेडात खराब होतं. एकीत 1 मिली, म्हणजे 1 मिलिग्रॅम. मोजायच्या आणि रजिस्टरला सही करायची. हृदय बंद पडलेल्या पेशंटला दर 3 ते 5 मिनिटांनी हीच एकेक देत राहतो आम्ही. आणि पहाटेचा राउंड आटोपून वॉर्ड निवांत झाला की मी व्हॅम्पायरच्या, म्हणजे रक्त पिणाऱ्या पिशाच्चांच्या, प्रेमकथा वाचते. बारा वर्षं झाली, दोन्ही सुरू आहे.

गेल्या पावसाळ्यात माझ्यासोबत नव्याने लागलेल्या सिस्टरने माझ्याकडून ‘ट्वायलाइट’ वाचायला नेलं. त्यात नायक व्हॅम्पायर, नायिका साधी मुलगी. दोन रात्रींनी म्हणाली, “ताई, तो तिला तोंडावर सांगतो की माझ्यापासून तुझ्या जिवाला धोका आहे. मग हिला पळून जावंसं का वाटत नाही?”

मी तिला मधमाश्या चावलेल्या एका काकांची गोष्ट सांगितली. द्राक्षबागेतून थेट आणलं होतं त्यांना. ओठ सुजलेले, श्वास घरघरतोय, बीपी लागत नाही. मांडीत अर्धा मिलिग्रॅम ॲड्रेनलिन दिलं. काही मिनिटांत श्वास मोकळा झाला, बीपी वर आलं. मग त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. हात गार, बोटं थरथरत होती. म्हणाले, “सिस्टर, आता बरं वाटतंय, पण भ्यायल्यासारखं का होतंय?”

ते ‘सारखं’ माझ्या डोक्यातून गेलंच नाही. स्पेनमधले डॉक्टर ग्रेगोरिओ मारान्योन यांनी 1924 मध्ये ॲड्रेनलिनची इंजेक्शनं देऊन लोकांना काय वाटतं ते लिहून काढलं होतं. बहुतेकांनी नुसती धडधड, थरथर सांगितली. काहींनी मात्र आमच्या काकांसारखंच सांगितलं, की जणू भीती वाटतेय, पण भ्यायला काहीच नाही. मूत्रपिंडांवर बसलेल्या इवल्याशा ग्रंथी ॲड्रेनलिन बनवतात, धडधड पुरवतात. ती कोणामुळे, कशासाठी, हे त्या सांगत नाहीत. ते आपण समोर जो असेल त्याच्याकडे बघून ठरवतो.

कॅनडात व्हँकुव्हरजवळ कॅपिलानो नदीवर झुलता पूल आहे, सुमारे 70 मीटर उंचीवर. डोनाल्ड डटन आणि आर्थर ॲरन यांचा 1974 चा अभ्यास तिथलाच. पूल ओलांडणाऱ्या पुरुषांना एक तरुणी गाठायची, चार प्रश्न विचारायची, फोन नंबर द्यायची. नंबर घेतलेल्या 18 पैकी 9 जणांनी नंतर फोन केला. जवळच्या भक्कम, कमी उंचीच्या लाकडी पुलावर 16 पैकी दोघांनीच. प्रयोग लहान आहे, त्यावर शंकाही पुष्कळ घेतल्या गेल्या. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते 1981 मधलं काम. त्यात पळून धाप लागलेल्या पुरुषांना आकर्षक बाई जास्त आकर्षक वाटली, पण जी आवडण्यासारखी नव्हती ती आणखीच नावडती झाली. म्हणजे धडधड प्रेम निर्माण करत नाही. जे आहे ते मोठं करते.

आता व्हॅम्पायरकडे बघा. ॲड्रेनलिन चढलं की कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त स्नायूंकडे जातं, चेहरा पांढराफटक पडतो, हात गार होतात, बाहुल्या मोठ्या होऊन डोळे काळेभोर दिसतात. पांढरा चेहरा, थंड हात, काळे डोळे! नायकाचं वर्णन म्हणून आपण जे वाचतो ते भेदरलेल्या माणसाचं शरीर आहे. फक्त त्याचं हृदय थांबलेलं असतं, आणि ती सगळी धडधड तिच्या वाट्याला येते. ब्रॅम स्टोकरने 1897 मध्येच ‘ड्रॅक्युला’त हे पकडलं होतं. ड्रॅक्युलाच्या किल्ल्यात अडकलेल्या हार्करच्या जवळ तीन व्हॅम्पायर बायका येतात तेव्हा त्याला ओढ आणि जिवाची भीती एकाच वेळी वाटते, आणि तो पापण्यांच्या फटीतून बघत पडून राहतो. (रक्त गोठणं हा आपल्याकडे नुसता वाक्प्रचार नाही. भयपट बघणाऱ्यांच्या रक्तात गोठायला मदत करणारा फॅक्टर आठ वाढलेला 2015 मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांना आढळला. आणि रक्त पिणाऱ्या वटवाघळाच्या लाळेत ते गोठू न देणारं प्रथिन असतं, त्याचं नावच ड्रॅक्युलिन.)

‘ट्वायलाइट’च्या पुढच्या भागात, ‘न्यू मून’मध्ये, नायक सोडून गेल्यावर नायिका मुद्दाम मोटरसायकल शिकते, कड्यावरून उडी मारते, कारण जीव धोक्यात घातला की त्याचा आवाज ऐकू येतो. अख्ख्या मालिकेत मला सगळ्यात खरी वाटलेली गोष्ट तीच आहे.

मी तेवीसची होते. जुलैचा कसारा घाट, समोरचं दिसणार नाही इतकं धुकं, आणि माझा तेव्हाचा मित्र दोन ट्रकच्या मधून गाडी काढायचा. घाट उतरलो की टपरीवर थांबायचो. माझी बोटं बर्फासारखी झालेली असायची. तो गरम ग्लास हातात द्यायचा आणि मला वाटायचं, हाच. रक्तातलं ॲड्रेनलिन काही मिनिटांतच ओसरतं, पण शरीर निवायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात जो चहा देईल तो आपला वाटतो. सहा महिने असेच गेले. मग एका आठवड्यात त्याची गाडी गॅरेजला होती म्हणून आम्ही एसटीने निघालो. इगतपुरी यायच्या आत बोलायला काही उरलं नव्हतं.

पुस्तकात ट्रक येत नाही, म्हणून मी अजून वाचते. तिथली भीती ‘सारखी’वरच थांबते. शिवाय मला त्या नायकाचं मारू शकणं आवडत नाही. आवडतं ते त्याचं दर क्षणी स्वतःला आवरणं.

हे सगळं ऐकून नवी सिस्टर पुन्हा वाचायला बसली. थोड्या वेळाने बघते तर दोन बोटं स्वतःच्या मनगटावर, नजर घड्याळाच्या सेकंदकाट्यावर.

“किती?”

“एकशे चार, ताई.”

तेवढ्यात सहा नंबरचा मॉनिटर ओरडला. दोघी धावलो. छातीवरची लीड, म्हणजे मॉनिटरची वायर, सुटली होती, पेशंट गाढ झोपलेला. चिकटवून परत आलो. तिने खुर्ची माझ्याजवळ ओढली, पान शोधलं आणि म्हणाली, “आता काही सांगू नका हं पुढचं.”