तीन हीर

काल दुपारी भाची भूमितीची वही घेऊन बसली होती. ४, ५ आणि १० सेंटिमीटर बाजूंचा त्रिकोण. फळ्यावरून उतरवून घेताना काहीतरी चुकलं असणार. दहाचा पाया झाला, एका टोकाकडून चारचा कंस, दुसऱ्याकडून पाचचा. दोन्ही कंस समोरासमोर येऊन थांबले, मधे सेंटिमीटरभर जागा.

"मामा, कर्कटक ढिलं झालंय."

तिनं स्क्रू आवळला, पुन्हा कंस काढले. कागदाला भोक पडलं. मी गप्प राहिलो. या खेळाची मला जुनी खोड आहे. एसटीच्या तिकिटाचे शेवटचे तीन आकडे घ्यायचे आणि त्रिकोण होतो का बघायचं. ४, ६, ७ असेल तर प्रवास चांगला. २, ५, ८ आलं की उगाच खट्टू व्हायचं. आता ओटीपीचे सहा आकडे येतात, त्यात दोन त्रिकोण बसतात. तेवढ्यात ओटीपीची मुदत संपते.

दोन धाकट्या बाजू मिळून थोरलीपेक्षा जास्त भरल्या पाहिजेत, एवढंच तर आहे. पण भास्कराचार्यांनाही हे बजावून सांगावं लागलं. ११५० सालच्या लीलावतीत, म्हणजे त्यांच्या गणिताच्या ग्रंथात, अशा आकृतीला त्यांनी 'अक्षेत्र', म्हणजे आकृतीच नव्हे, असं म्हटलंय, आणि असं गणित घालणाऱ्याला चक्क 'धृष्ट'! उदाहरण दिलंय ३, ६, ९ चं. पटत नसेल तर तेवढ्या मापाच्या सरळ काड्या मांडून दाखवा, असंही खाली लिहिलंय. म्हणजे तेव्हाही समोर कोणीतरी मान हलवत बसलेला असणार.

काड्या मी मांडल्या होत्या, लीलावती माहीत नसताना. मे महिन्यात आजी पडवीत झावळ्या घेऊन बसायची. सुरीनं पात सोलली की हिरवट, ओलसर हीर हातात यायचा. त्यांचा खराटा व्हायचा. मी तिच्या ढिगातले तीन पळवले. एक वीत, दोन विती, तीन विती. नकळत ३, ६, ९ च की! टोकं जुळवली की धाकटे दोघे थोरल्याच्या अंगावर सपाट झोपायचे. जरा उभे केले की टोकं सुटायची. मग थोरल्याला वाकवला. ओला हीर लवतो. त्रिकोण झाला, फक्त एका बाजूला पोट आलेला. तो आजीला दाखवायला उचलला आणि थोरला मधोमध कट्‌कन मोडला.

"किती हीर मोडशील रे मेल्या? खराटा काय तुझ्या बोटांचा बांधू?"

तुकडे न्हाणीच्या चुलीत गेले.

इकडे भाचीनं पेन्सिल घेतली आणि दोन्ही कंसांना हातानंच एकेक शेपूट जोडून मधोमध गाठ घातली. वर 'अ' लिहिलं, खाली 'ब' आणि 'क'. लांबून बघितलं तर बरा दिसत होता. बाई पट्टी लावून बघतात की नुसतीच बरोबरची खूण करतात, ते सोमवारी कळेल.