सहा व्होल्टचा टेप आणि नऊ व्होल्टचा एलिमिनेटर

घरातला जुना कॅसेट टेपरेकॉर्डर दुरुस्त करतोय. हेडची सफाई आणि पिंच रोलर (फीत ओढणारं रबरी चाक) झाला होता. बेल्ट सैल आहे, पण तो थांबू शकतो. त्याआधी या टेपला वीज कुठून द्यायची ते ठरवणं भाग होतं, आणि त्यातच तीन रविवार गेले.

टेप बुटाच्या खोक्याएवढा, आडवा ठेवायचा, पुढे बटणांची ओळ, उचलायला कान. पोटात चार मधल्या मापाचे (सी) सेल, म्हणजे सहा व्होल्ट. मागे २३० व्होल्टच्या दोन पिनी वायरची जागा आणि बाजूला एलिमिनेटरच्या, म्हणजे सेलऐवजी भिंतीतून वीज देणाऱ्या डबीच्या, गोल पिनेचं भोक. पैकी २३०चा रस्ता मी पहिल्याच दिवशी बंद केला. आतला ट्रान्सफॉर्मर कदाचित ठीक असेल, पण त्याच्याकडे जाणाऱ्या वायरचं रबर नखाने खरवडलं की भुगा पडतो. त्या सॉकेटवर चिकटपट्टी मारली, विषय संपला.

उरले सेल आणि गोल पिन. फिलिप्सने १९६३ साली कॅसेटचा पहिला रेकॉर्डर आणला तोही अशाच पाच मधल्या मापाच्या सेलवर चालायचा, साडेसात व्होल्टवर. ही जातच सेलवर वाढलेली आहे. सेलची वीज सपाट असते, भिंतीतली नसते, आणि पुढची सगळी कटकट या एका फरकाची आहे.

घरातला जुना एलिमिनेटर अजून आहे. तोच, ३ ते १२ व्होल्टचा सरकता खटका आणि टोकाला चार-पाच पिनांचा झुपका असलेला. खटका ६ वर ठेवला आणि टेपला लावायच्या आधी मीटर लावला : ९.४ व्होल्ट. मीटरवरच संशय आला म्हणून नवा सेल मोजला. १.५८. मीटर बरोबर होता.

यात बिघाड काही नाही, हे एलिमिनेटर असेच असतात. आत ट्रान्सफॉर्मर, चार डायोड आणि एक कपॅसिटर. व्होल्ट पक्के धरून ठेवणारा रेग्युलेटर नाही. कपॅसिटर लाटेच्या शिखरापर्यंत भरतो, आणि शिखर हे लिहिलेल्या एसी व्होल्टच्या १.४१ पट असतं. त्यात छोटे ट्रान्सफॉर्मर भार नसताना आणखी वर चढतात, कारण त्यांच्यावरचा आकडा पूर्ण भार गृहीत धरून छापलेला असतो. माझ्याकडे रात्री लाइटही २४२ व्होल्ट असते. टेपइतका भार म्हणून ५६ ओहमचा रेझिस्टर लावला, तर ७.३ व्होल्ट आले. म्हणजे चालू टेपला ते बरे, पण बटण दाबण्याआधीच्या क्षणी आतल्या जुन्या कपॅसिटरांवर साडेनऊच्या आसपास बसणार. त्यांच्यावर ६.३ व्होल्ट ही कमाल मर्यादा छापलेली असेल तर त्यांची दया येते.

भार ठरवायला आधी प्रवाह मोजला होता. सेलच्या कप्प्यात दोन वायरी, मध्ये मीटर. प्ले करताना १२० मिलिअँपिअर, आवाज वाढवला की १५०, रिवाइंडला १९०. इतकंच. यासाठी मोठा ॲडॅप्टर लागत नाही असं तेव्हा वाटलं, आणि ते चुकीचं होतं. का ते पुढे.

त्याआधी ध्रुव. भोकाजवळच्या चित्रात बाहेर अधिक, मधे उणे आहे. आजचे बहुतेक ॲडॅप्टर उलटे, मधे अधिक. नुसती पिन बसते म्हणून लावून बघणाऱ्यांनी असे किती टेप मारले असतील कोण जाणे. चित्रावरही विसंबू नका. मीटर बीपवर ठेवून (दोन टोकं आतून जोडलेली असली की तो वाजतो) एक टोक कप्प्यातल्या शेवटच्या, उणे बाजूच्या स्प्रिंगला आणि दुसरं भोकातल्या मधल्या सुईला लावलं. बीप वाजला, मधे उणे पक्कं.

मग सवयीने आणखी एक चाचणी केली, आणि या सगळ्या खटाटोपातलं खरं सापडलं ते तिथे. या भोकाच्या आत एक पत्ती असते. पिन घातली की ती उचलली जाते आणि सेल सर्किटपासून तुटतात. तसं झालं नाही तर एलिमिनेटर थेट सेलमध्ये वीज ढकलतो. हे सेल चार्ज करायचे नसतात; ते तापतात, आत वायू धरतो, मग गळतात. मी झुपक्यातली पिन, एलिमिनेटर भिंतीतून काढलेला असताना, भोकात घातली आणि सेलच्या अधिक टोकापासून पिनेच्या बाहेरच्या नळीपर्यंत मोजलं. बीप! पिन घातलेली असतानाही सेल जोडलेलेच.

पत्ती चिकटली असणार म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतली, कागदाची पट्टी फिरवली. तरी बीप. शेवटी पुण्यात पासोड्या विठोबापाशी, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत जाऊन वेगवेगळ्या मापाच्या सुट्या पिना आणल्या. एक किंचित जाड पिन घातली आणि बीप थांबला. झुपक्यातली पिन बारीक होती. नळी टेकत होती, त्यामुळे टेप चालत होता, पण पत्ती उचलली जात नव्हती.

आता कप्प्यातल्या हिरव्यापांढऱ्या स्प्रिंगांकडे वेगळ्या नजरेने बघितलं. बाबा एलिमिनेटर लावतानाही सेल आतच ठेवायचे. सेल नुसते पडूनही गळतात हे खरं, पण इथे त्यांना वर्षानुवर्षं वरून ढकललं जात होतं. (सफाईचं सांगून टाकतो. साध्या लाल सेलची गळती आम्लाकडे झुकणारी असते, तिला खायच्या सोड्याचं पाणी. अल्कलाइनची गळती उलट, तिला लिंबू किंवा व्हिनेगर. दोन्हीनंतर स्पिरिट, आणि हातात मोजे.)

आता नवा डबा. ९ व्होल्टचा ॲडॅप्टर, पुढे ७८०६ हा तीन पायांचा रेग्युलेटर, म्हणजे बाहेर पक्के ६ व्होल्ट. ७८०६ला आत निदान ८ तरी लागतात, म्हणून ९. रिवाइंडलाही तीन व्होल्ट गुणिले ०.१९, म्हणजे अर्ध्या वॉटच्या थोडं वर उष्णता. हीटसिंक न लावता चालतं, बोट ठेवता येतं. आत आणि बाहेर कपॅसिटर त्याच्या पायांना लागूनच. पण ७८०६ मरतो तेव्हा कधी कधी आरपार शॉर्ट होऊन मरतो, मग ९ व्होल्ट सरळ टेपमध्ये. म्हणून बाहेरच्या बाजूला ६.८ व्होल्टचा ५ वॉटचा झेनर डायोड अधिक-उणेच्या मधे आडवा टाकला आणि ॲडॅप्टरकडून येणाऱ्या वायरवर २५० मिलिअँपिअरचा स्लो फ्यूज. व्होल्ट ६.८च्या वर गेले की झेनर प्रवाह ओढतो आणि फ्यूज उडतो.

इथेच मोठा ॲडॅप्टर हवा. माझ्याकडे ३०० मिलिअँपिअरचा एक पडून होता, तोच वापरणार होतो. २५०चा फ्यूज ३००ने उडत नाही, नुसता कोमट होतो, आणि झेनर तिथे भाजत बसतो. फ्यूजला उडवायला मागे जोर लागतो. २ अँपिअरचा ॲडॅप्टर घेतला, ७८०६च्या आतबाहेर वायर लावून मुद्दाम शॉर्ट केला आणि फ्यूज उडालेला डोळ्यांनी बघितला. टेप अर्थातच जोडला नव्हता. डब्याच्या दोन्ही टोकांच्या वायरी कायमच्या सोल्डर केल्या, त्यामुळे ध्रुव उलटायला जागाच राहिली नाही.

टेप छान चालला. गुणगुण नाही. पण लॅपटॉपला ऑडिओ वायर जोडून कॅसेट उतरवायला बसलो की मागे एक बारीक चिरचिर. लॅपटॉपचा चार्जर काढला की ती निम्मी, हा डबा काढून सेल लावले की शून्य. म्हणून कॅसेट उतरवण्यापुरते सेलच. मधल्या मापाचे सेल दुकानात सहज मिळत नाहीत, तेव्हा चार्जिंगचे चार पेन्सिल सेल प्लॅस्टिकच्या टोप्यांमध्ये बसवून घातले. १.२ गुणिले चार, ४.८ व्होल्ट. कमी वाटतात, म्हणून ३१५० हर्ट्झची टोन असलेली कॅसेट लावून बघितली. डब्यावर ३१३८, या सेलवर ३१३५. मोटरचा गव्हर्नर (वेग एकसारखा ठेवणारा भाग) सांभाळून घेतो, ४.३च्या खाली मात्र सूर उतरायला लागतो. पॉवर बँक आणि व्होल्ट वाढवणारं छोटं मॉड्यूलही करून पाहिलं. कान किटले, ठेवून दिलं.

पहिली कॅसेट उतरवली ती आत्याकडच्या भोंडल्याची, १९८७ची. सेलवर, लॅपटॉपही बॅटरीवर, तरी गाण्यांखाली गुणगुण! टेप उघडायला घेणार होतो, मग लक्षात आलं, ही टेपची नाही, फितीतली आहे. तेव्हा त्याच एलिमिनेटरवर रेकॉर्ड केलं होतं. आवाजाच्या फ्रिक्वेन्सीच्या आलेखात ९८ हर्ट्झच्या जवळ रेघ; भिंतीतल्या ५०च्या दुप्पट, म्हणजे १०० हवी होती. त्यावरून कॅसेटचा वेग दुरुस्त करायचा मोह होतो, पण करू नका. त्या काळी आपल्या ग्रिडची फ्रिक्वेन्सीच ४९च्या खाली जायची, आणि फरक ग्रिडचा की मोटरचा हे त्या रेघेवरून सुटत नाही.

बी बाजूला एका ठिकाणी ती रेघ एकदम तुटते. खिरापत ओळखायचा गोंधळ चालू आहे, "लाइट गेली गं!" असं कोणीतरी ओरडतं, आणि बायका अंधारातच शेव, करंजी, बुंदी अशी नावं घेत राहतात. चारेक मिनिटांनी रेघ परत येते. जाड पिन असती तर पत्तीने सेल तोडलेले असते आणि टेप तिथेच बंद पडला असता.

बारीक पिन कापून वेगळ्या डबीत ठेवली आहे, चुकून कोणी खुपसू नये म्हणून. पुढच्या रविवारी बेल्ट.