थर्मल गिंबल, तिसरी नोंद: दोष पीआयडीचा नव्हताच

मागच्या नोंदीत गिंबल (कॅमेरा मोटरने स्थिर धरणारी चौकट) टेबलावर शहाण्यासारखा वागत होता आणि ड्रोनखाली लटकवला की थरथरत होता. आता हवेतही चित्र जागचं हलत नाही. पण तिथवर पोचताना निम्मा वेळ मी नको त्या जागी उकरत बसलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

साहित्य तेच. तीन अक्षांचा ब्रशलेस गिंबल, साधा कॅमेरा आणि त्याला खेटून लेप्टॉन 3.5 हा उष्णता टिपणारा, म्हणजे थर्मल, कॅमेरा. 160×120 पिक्सेल, आडवा आवाका 57 अंश, सेकंदाला जेमतेम नऊ फ्रेम. म्हणजे एक पिक्सेल साधारण 0.36 अंशांचा. वाऱ्याच्या झोतात ड्रोन सेकंदाला 30 अंशांच्या वेगाने सहज कलतो, आणि तेवढ्यात दोन फ्रेममध्ये चित्र जवळपास दहा पिक्सेल सरकतं. साध्या व्हिडिओत हे नंतर सॉफ्टवेअरने सावरता येतं. इथे पकडायला धड कोपरे नसतात, नुसते धूसर डाग. शिवाय बोलोमीटरला (लेप्टॉनमधल्या उष्णता टिपणाऱ्या सेन्सरला) शटर स्पीड नावाची सोयच नाही. प्रत्येक पिक्सेल तापायला आणि निवायला काही मिलीसेकंद घेतोच, तेवढ्यात हलला तर फराटा ठरलेला. त्यामुळे थर्मलला गिंबल हवाच, असं माझं मत झालंय.

थरथर दिसली की मी पीआयडीतला (मोटरने चूक कशी सावरायची ते ठरवणारं सूत्र) P, म्हणजे सावरण्याचा जोर, वाढवायचो. मोटर किंचाळायला लागली की D, म्हणजे झटके दाबणारा आकडा, त्याच्याशी खेळायचो. शेवटी वैतागून वीज काढली आणि कॅमेऱ्याची प्लेट हाताने फिरवून सोडली. ती हळूच परत आली. पुन्हा फिरवली, पुन्हा तिथेच. वजन तर चोख तोललेलं, मग ओढतंय कोण? कॅमेऱ्याची चपटी रिबन केबल! वळणावर ती स्प्रिंगसारखी ताठ होत होती आणि मोटर रात्रंदिवस तिच्याशी कुस्ती खेळत होती. त्या जागी सिलिकॉन आवरणाच्या केसासारख्या बारीक तारा घातल्या, अक्षाभोवती एक सैल वेढा दिला. आता प्लेट जिथे सोडाल तिथे राहते. P निम्म्यावर आला, आणि थर्मल चित्राची डावी कड उगाच उजळ दिसायची तेही थांबलं. तापलेल्या मोटरची ऊब कॅमेऱ्यापर्यंत पोचत होती, दुसरं काही नाही.

दुसरा घोळ जास्त लाजिरवाणा. दर तीन मिनिटांनी चित्र क्षणभर गोठायचं. मी गिंबलचे लॉग चाळले, कनेक्टर बदलले. एका रात्री सगळं शांत असताना कान जवळ नेला, तर बारीकसं ‘टक्’ ऐकू आलं. लेप्टॉनचं स्वतःचं शटर! पिक्सेलमधला फरक पुसायला तो अधूनमधून डोळा मिटतो, आणि मूळ सेटिंग तीन मिनिटांचीच आहे. डेटाशीटमध्ये लिहिलंय, वाचलंही होतं. आता ते हाताने चालवायच्या मोडवर टाकलंय. उड्डाणाआधी एकदा आणि मग प्रत्येक फेरीच्या वळणावर आदेश देतो.

मोटर सुरू केल्यावर चित्र फाटायचं, ते एसपीआयच्या (लेप्टॉनचं चित्र वाहून नेणाऱ्या) तारा मोटरच्या तारांसोबत बांधल्यामुळे. वेगळ्या केल्या, आखूड केल्या, मिटलं.

साधं आणि थर्मल ही दोन्ही चित्रं एकावर एक बसवताना मात्र डोकं चालवावं लागलं. दोन भिंगांत 3 सेंटीमीटर अंतर आहे. टेबलावर दीड मीटरवर जुळवलं की तीन पिक्सेलची चूक कायमची घरात घेतलीच म्हणून समजा, कारण 40 मीटरवर तो फरक जवळपास शून्य होतो. म्हणून उघड्यावर, लांबवर जुळवलं. काळ्या पुठ्ठ्यावर अॅल्युमिनियम टेपचे चौकोन चिकटवले आणि तो आकाशाकडे तिरका ठेवला. टेप थंड आकाश परावर्तित करते, त्यामुळे थर्मलमध्ये काळीकुट्ट दिसते; साध्या कॅमेऱ्यालाही तेच कोपरे मिळतात.

मग 40 मीटरवरून सरळ खाली बघणारी चाचणी. इथे एक पिक्सेल जमिनीवर सुमारे 27 सेंटीमीटरचा. मित्र गवतात आडवा झाला: सहा पिक्सेल लांब, दोन रुंद. उभा राहिला तर दोन-तीन पिक्सेलचा ठिपका. किती पिक्सेलमध्ये काय ओळखता येतं याचे जॉन्सनने 1958 मध्ये मांडलेले निकष आहेत; त्यांनुसार ‘काहीतरी आहे’ म्हणायला एवढं पुरतं, ‘माणूस आहे’ म्हणायला नाही. त्यात संध्याकाळची वेळ. दिवसभर तापलेले दगडही तसेच चमकत होते. मित्र हात हलवतोय म्हणून मी पाच मिनिटं ज्याच्याकडे बघत होतो तो दगड निघाला. पहाटे, दगड निवल्यावर, तोच ठिपका लख्ख वेगळा उठून दिसला.

‘घरातलं दिसतं का रे यातून?’ असं हमखास विचारतात. खिडकीची काचसुद्धा या तरंगलांबीला भिंतीसारखीच; समोर उभं राहिलात तर तिच्यात स्वतःचीच उष्ण आकृती दिसते.

राहिलंय ते यॉ, म्हणजे डावी-उजवीकडे वळणं. दहा मिनिटांत प्लेट चार-पाच अंश सरकते. मॅग्नेटोमीटर (होकायंत्राचा सेन्सर) मोटरशेजारी ठेवून पाहिला, त्याने उत्तर दिशा मोटरमध्येच शोधली. आता अक्षावर चुंबकीय एन्कोडर (अक्ष किती फिरला ते मोजणारा) बसवून ड्रोनच्या फ्लाइट कंट्रोलरकडून दिशा घेतोय. एन्कोडर धरणारा ब्रॅकेट छापून झालाय, छिद्रं अर्ध्या मिलीमीटरने चुकलीत.